नळीला टेकलेली चांदी

आमच्याकडे थंडी पडत नाही, पंखा बंद होतो. नोव्हेंबरातल्या एखाद्या पहाटे जाग येते आणि लक्षात येतं की एसी काल लावलाच नव्हता, आणि आता पंख्याचा वारासुद्धा पायांना झोंबतोय. उठून बटण बंद करायचं. खोली एकदम शांत होते, लांबचा समुद्र ऐकू येतो आणि खिडकी उघडली की तारल्यांचा वास आत येतो. इथे ओमानात, सहमच्या किनाऱ्यावर, या दिवसांत गुरांच्या वैरणीसाठी वाळूवर तारल्या वाळत घातलेल्या असतात. मी रत्नागिरीकडचा, मला त्या वासानं भूक लागते. हिचं डोकं उठतं. दरवर्षी याच वासावरून आमच्यात पहिलं भांडण होतं आणि थंडी सुरू झाली असं आम्ही समजतो.

या वर्षी पंखा बंद केला त्याच सकाळी अर्बाबचा, म्हणजे माझ्या मालकांचा, फोन आला. "या नज्जार, जुम्मा को आओ. सामान लेके आओ." अरबीत 'या' म्हणजे अरे, नज्जार म्हणजे सुतार. फर्निचरच्या ज्या वर्कशॉपात मी सुपरवायझर आहे, त्याचे मालक खलफान यांनी मला इतक्या वर्षांत एकदाही नावानं बोलावलेलं नाही. सामान म्हणजे माझा रंधा, पटाश्या, बारीक दातांची करवत. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र चहा घेताना मला ती एक थंडी आठवायला लागली. आमच्या घरात तिचं नाव रायफलीची थंडी असंच पडलंय.

त्या वर्षी अर्बाबनी मोठ्या बोअरची शिकारी रायफल घेतली होती. ओमानात शिकारीला बंदी आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांना जायचं होतं टांझानियाला. त्यांचे वडील तरुणपणी तिकडे दुकान चालवायचे, आणि शेतात घुसणाऱ्या रानरेड्यांना मारायला गावकरी त्यांनाच बोलवायचे. अर्बाबचा जन्म तिकडचा. लहानपणीच ते इकडे आले, पण खुशीत असले की अजून स्वाहिलीत गुणगुणतात. वडिलांनी पायाखाली घातलेल्या त्या गवतात, रीतसर परवाना काढून, एकदा स्वतः जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी धंदा, मुलं, लग्नं यांच्या मागे इतकी वर्षं दाबून ठेवली होती. सत्तरीला टेकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता नाही तर कधीच नाही.

कागदपत्रांचे सोपस्कार होईतो उन्हाळा संपला. मग एका सकाळी आम्ही मस्कतमधल्या रुवीला गेलो. "लकडी तुम देखो, लोहा हम देखेगा," असं सांगून त्यांनी मला गाडीत घातलं होतं. दुकानदारानं हिरव्या कापडावर दोन रायफली ठेवल्या. एकीच्या अक्रोडाच्या दस्त्यावर अशा काही सुंदर लाटा उठल्या होत्या, की मी सुतार असून दोन मिनिटं बोलायचंच विसरलो. पण दस्ता जिथे बारीक होतो, जिथे मुठीत धरायचा, तिथे लाकडाची रेषा आडवी जात होती. अशा जागी मोठ्या बोअरचा धक्का बसला की लाकूड तडकतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अर्बाबनी तिथेच अंगठा फिरवला आणि ती रायफल बाजूला सारली. मग मला डोळा घातला.

दुसरी साधी होती. सरळ रेषांचं, चहाच्या रंगाचं लाकूड, काळीभोर नळी आणि तोंड एवढं मोठं, की माझी करंगळी सहज आत जावी. अर्बाबनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि मग डोळे उघडले. मला वाटलं काही प्रार्थना वगैरे असेल. नंतर गाडीत त्यांनी सांगितलं, की डोळे उघडल्यावर माशी आणि खाच एका रेषेत दिसली तर बंदूक तुमच्या मापाची, नाहीतर तुम्ही बंदुकीच्या मापाचं व्हायला बघताय. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी. रायफलीला दुर्बीण त्यांनी लावूच दिली नाही. वडिलांकडे नव्हती, मग मला कशाला, म्हणाले. चपला घ्यायच्या झाल्या तरी मी एवढा विचार करत नाही. त्या माणसाचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं, आणि ते अजून कमी झालेलं नाही.

दस्ता थोडा लांब होता. अर्बाब ठेंगणे, त्यात थंडीत दिशदाशावर, म्हणजे त्यांच्या लांब झग्यावर, लोकरीची शाल. वर्कशॉपात एका दुपारी मी दस्त्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली, कपची उडू नये म्हणून, आणि बारीक करवतीनं अर्धा इंच लाकूड उतरवलं. आयुष्यात मी शेकडो कपाटं कापली असतील, पण तेवढं कापताना घाम फुटला. अर्बाब समोर स्टुलावर बसून खजूर खात होते. करवत बाहेर आली तेव्हा त्यांनी बी थुंकली आणि "खलास?" एवढंच विचारलं. मग टोकाला रबराची गादी बसवली, चापाचं वजन हलकं करून आणलं, आणि रायफल त्यांच्या अंगाला जणू तिथेच वाढल्यासारखी लागायला लागली.

घरी मी हे सगळं रंगवून सांगत असताना माझी मुलगी ईशा ऐकत होती. ती इंडियन स्कूलमधली, तिचं मराठी विचार करत करत येतं. "बाबा, पण त्या बफेलोनी काय केलं आहे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, शेतं तुडवतात. "मग फेन्स लावायचा ना." मासे हाणणाऱ्या माणसानं अहिंसेवर बोलू नये आणि शिकारीवरही फार बोलू नये, असं ठरवून मी विषय बदलला. ती मात्र बदलली नाही. मला बाकी सगळं आवडत होतं तरी तिचा तो प्रश्न त्या थंडीभर घरात होता, हे खरं सांगायला हवं.

डोंगराच्या बाजूला, खडकाळ मैदानावर, परवानगी असलेली चांदमारीची जागा आहे. सकाळी धुकं हटेपर्यंत आम्ही गाडीतच बसायचो. थर्मासातला काहवा, म्हणजे त्यांची कोरी कॉफी, वेलचीचा वास, हलव्याचा डबा. अर्बाबचा मोठा मुलगा नासिर मस्कतहून यायचा. खडूनं बशीएवढं वर्तुळ काढलेला पुठ्ठा तो लांब लावून यायचा. अर्बाब जमिनीवर मांडी घालून बसायचे, कोपरं गुडघ्यांवर टेकवायचे. त्यांच्याकडचे जुने लोक असेच बसून नेम धरतात. पहिला बार झाला तेव्हा माझ्या छातीत कुणीतरी आतून दार आपटलं. अर्बाबच्या डोक्यावरचा मुसर मागे सरकून मानेवर आला आणि ते तसेच बसून खो खो हसत राहिले. नव्या नळीला लाड असतात. एक बार, की लगेच फडकं घालून पुसायची. फडक्यावर हिरवा-निळा डाग यायचा, गोळीच्या तांब्याचा. दिवसागणिक तो डाग फिका होत गेला. कानशीनं माशी केसभर उतरवून नेमही जुळवला. शेवटी तीन गोळ्या बशीत, एकमेकींना खेटून बसल्या. नासिरनं पुठ्ठा हातात घेऊन पाहिला आणि बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

त्याची एक अट होती. आईनंतर वडिलांची काळजी तोच घेतो. चिडलेला रेडा समोर आला तर दुसरी संधी मिळत नाही, असं तो मला इंग्रजीत सांगायचा, बापाला सांगायची त्याची छाती नव्हती. निघायच्या आधीच्या आठवड्यात वडिलांनी त्याच्या समोर तीन बार एका बशीत घालायचे, म्हणजे तो स्वतः विमानात बसवून देईल. नाही जमलं तर जायचं नाही. अर्बाबनी हसत हसत हात पुढे केला. त्यांच्या दृष्टीनं ती परीक्षा आधीच पास झाली होती.

आणि मग त्यांनी जे केलं, ते त्यांच्या जागी तिथला कुठलाही म्हातारा करील. त्यांच्याकडे बंदूक चांदीशिवाय पुरी होत नाही. नळी आणि लाकूड एकत्र आवळणारी चांदीची नक्षीदार पट्टी बसवली, की मग ती घरातली झाली. वडिलांच्या जुन्या एकबारी बंदुकीचं लाकूड वाळवीनं खाल्लं होतं, लोखंड गंजलं होतं, पण तिच्यावरची रुंद पट्टी चांगली होती. ती घेऊन अर्बाब निझव्याला एका म्हाताऱ्या सोनाराकडे गेले. नवी नळी जाड, पट्टी अपुरी. सोनार म्हणाला, दुसरा तुकडा जोडून देतो. वडिलांच्या चांदीला दुसऱ्याची चांदी लागू द्यायची अर्बाबची तयारी नव्हती. सोनारानं तीच तापवून, ठोकून, ताणून कशीबशी पुरवली आणि घट्ट आवळून बसवली. रायफल परत आली तेव्हा मीच म्हटलं, की आता नवरी दिसतेय.

पट्टी बसल्यावरच्या शुक्रवारी पहिली गोळी बशीत गेली. दुसरी बशीच्या कडेवर. तिसरी वर, उजवीकडे, पुठ्ठ्याच्या बाहेर जायच्या बेतात. काडतुसं बदलली, पुन्हा तेच. मी दस्त्याचे स्क्रू तपासले, माशी तपासली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. नासिर वडिलांना उठताना हात द्यायला लागला. पूर्वी देत नसे. अर्बाबनी तो हात दोनदा झिडकारला आणि तिसऱ्यांदा धरला. मला ते बघवेना. परत येताना गाडीत ते आपल्या तळहाताकडे बघत होते. "आँख गया, नज्जार," ते म्हणाले. "हाथ भी गया. नासिर सही बोलता है." मी म्हटलं, काडतुसांची नवी पेटी उघडून बघू. "कार्तूस का उमर नहीं होता," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर टोमॅटोची रोपं लावलेली शेतं जात होती. एका माणसाचं वय असं एका रस्त्यावर वाढताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ते आता तिकीट रद्द करणार आणि पुन्हा कधीच हा विषय काढणार नाहीत, हे मला कळत होतं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच मराठी घरं भजनाला जमतो. मी पेटीवर, टाळ मुलांच्या हातात. ईशाला सगळ्यांसमोर टाळ वाजवायची लाज वाटते, म्हणून ती टाळ दोरीला न धरता मुठीतच आवळून धरते. मग टाळ नुसते खटखट करतात. "अगं, सोड त्यांना, दोरीला धर," मी नेहमीसारखा ओरडलो. तिनं मूठ सोडली. टाळ खणखणले, आणि माझी बोटं पेटीवर थांबली. हिनं मान वर करून पाहिलं, मला काय झालं म्हणून.

नळीही बार झाला की थरथरते. तापली की वाढते. पहिल्या दिवसांत ती लाकडावर मोकळी होती, रोज एकसारखी थरथरायची, म्हणून गोळी रोज एकाच जागी जायची. आता तिला चांदीनं मुठीत धरलं होतं. जशी तापेल तशी ती पट्टीत अडकणार आणि गोळी वर वर जाणार. हे मला पटलं, पण सांगायचं कसं हा प्रश्न होता. मालकाला तोंडावर सांगायचं, की तुमच्या वडिलांची चांदी तुमचा नेम बिघडवतेय?

शुक्रवारी मी एवढंच म्हटलं, "अर्बाब, आज पहिले तीन बार नासिरला काढू द्या." नासिर दचकला. बापाच्या नव्या बंदुकीला मुलगा आपणहून हात लावत नाही, आणि म्हणूनच इतके दिवस हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अर्बाबनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग रायफल मुलाच्या हातात दिली. पहिली बशीत. दुसरी कडेवर. तिसरी वर, उजवीकडे. मग अर्बाब किती तरी दिवसांनी हसले. "यल्ला, नासिर भी बुढ्ढा हो गया."

मी गाडीतल्या वर्तमानपत्राच्या कडेची कोरी पट्टी फाडली आणि नळी आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत टोकाकडून सरकवली. कागद सुळकन आत गेला आणि चांदीपाशी अडला. दुसऱ्या बाजूनं सरकवला, तिथेही चांदीपाशी अडला, म्हणजे तेवढ्या जागी नळी आवळलेली होती. अर्बाबनी कागद माझ्या हातून घेतला, स्वतः सरकवून पाहिला. मग थर्मास उघडून काहव्याची वाटी भरली आणि सावकाश प्यायले.

"निकालो," ते म्हणाले.

"वालिद का चांदी है, अर्बाब."

"मेरा वालिद बंदूक से मारता था, नज्जार. चांदी से नहीं."

पट्टी मी गाडीच्या बोनेटवर, हलक्या हातानं, नक्षीला धक्का न लावता उलगडून काढली. अर्बाबनी ती रुमालात गुंडाळली आणि दिशदाशाच्या वरच्या खिशात ठेवली. नळी गार होऊ दिली आणि मग ते मांडी घालून बसले. तीन बार. नासिर पुठ्ठा आणायला चालत गेला आणि पळत आला. बशीतली तीन भोकं एकमेकांना इतकी चिकटली होती, की ती माझ्या अंगठ्याखाली झाकली गेली. त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या स्वतःच्या कुठल्या निकालाला झालेला आठवत नाही. नासिरनं शब्द पाळला. वडिलांना विमानात बसवून आला.

टांझानियाहून परत आल्यावर त्यांनी फार सांगितलं नाही. गवत डोक्याएवढं होतं. रेडा जवळ आला, थांबला, बघत राहिला. एकच बार. मांस सगळ्या गावात वाटलं, शिंगं त्यांनी आणली नाहीत. आणि चांदी खिशात होती, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगितलं. मी घरी येऊन ईशाला म्हटलं, गाव पोटभर जेवलं. ती म्हणाली, "ओके. पण त्या बफेलोला तर नाही ना विचारलं." ती आता कॉलेजात आहे आणि आजही मला तिच्या वाक्याचं उत्तर येत नाही. तरीही ते तीन बार आठवले की माझं मन भरून येतं. दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत.

त्यानंतर दर थंडीत अर्बाब मला चांदमारीला नेत. गेल्या वर्षीपासून ते थांबलं. उजवा खांदा निकामी होत चाललाय, धक्का बिलकुल नको असं डॉक्टरांनी बजावलंय. गेली अख्खी थंडी रायफल कपाटात होती.

तर परवा शुक्रवारी मी सामान घेऊन गेलो. अर्बाब मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर बसले होते. समोर रायफल होती, तेल लावून पुसलेली, आणि शेजारी तोच रुमाल. त्यांनी तो उलगडला. चांदी काळवंडली होती. "लगा दो," ते म्हणाले. "इसके जगह पे, नली के ऊपर. अब दीवार पे रहेगा. खलास."

मला सगळं कळलं. चांदी बसली की ती नळी पुन्हा सरळ मारणार नाही, आणि आता मारायची गरजच उरलेली नाही, असं ते मला सांगत होते. आवाज अगदी साधा होता. मी "हाजिर" म्हटलं आणि रायफल घेऊन बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो.

तिथे बसल्यावर मला ते सुचलं. रायफलीच्या त्या थंडीनंतर आठ-दहा वर्षांनी, पण सुचलं. चांदी वाढवता येत नव्हती, पण लाकूड कमी करता येत होतं. नळीखालच्या लाकडाचं पोट पट्टीच्या रुंदीपुरतं, अगदी थोडं उतरवलं, तर पट्टी खाली सरकून लाकडाला घट्ट बसेल आणि नळीभोवती केसभर मोकळी राहील, म्हणजे रायफल सरळच मारेल. दुपारपर्यंत मी ते करत होतो. पटाशी, मग कानस, मग पॉलिशचा कागद, मग तेल. चांदी राखेनं घासून उजळली, दोन बारीक खिळ्यांनी लाकडाला पक्की केली. लांबून बघणाऱ्याला ती नळीवर आवळून बसलीय असंच वाटलं असतं.

आत नेऊन ती मी अर्बाबच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नक्षीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग त्यांनी शेजारच्या वर्तमानपत्राची कडेची कोरी पट्टी फाडली. मी काही बोललो नव्हतो. नळीच्या टोकाकडून त्यांनी कागद आत सरकवला. चांदीपाशी त्यांचा हात थांबला, आपोआप, जुन्या सवयीनं. मग त्यांनी हलकेच पुढे ढकलला. कागद चांदीच्या खालून गेला आणि पार दुसऱ्या टोकाला निघाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागदाची घडी घातली आणि वरच्या खिशात, जिथे इतकी वर्षं चांदी असायची तिथे, ठेवून दिली.

"नासिर को मत बोलो," अर्बाब म्हणाले.